दंतवैद्याची टाकी

चित्रपटातल्या वैज्ञानिक चुका मोजणे हा आपल्या विज्ञानप्रेमी मंडळींचा जुना छंद आहे. ‘फाइंडिंग निमो’ हा अँड्र्यू स्टँटन यांनी दिग्दर्शित केलेला पिक्सारचा २००३ सालचा ॲनिमेशनपटही त्यातून सुटलेला नाही. सर्वांत जास्त वेळा सांगितली जाणारी चूक अशी : क्लाउनफिशच्या कुटुंबात मादी मेली की तिचा जोडीदार नर स्वतःच मादी होतो, तेव्हा सुरुवातीलाच बायको गमावलेला मार्लिन चित्रपटभर निमोचा बाप म्हणून वावरणे शक्य नव्हते. हे खरे आहे. पण ज्याने बोलणारे मासे मान्य केले त्याने एवढ्यासाठी अडून बसू नये, असे आम्हाला वाटते. माशांच्या शरीररचनेचे अभ्यासक ॲडम समर्स यांचा सल्ला या चित्रपटासाठी घेतला होता आणि माशांच्या हालचालींत तो जागोजागी दिसतोही. कथेसाठी कुठे सूट घ्यायची हे निर्मात्यांनी समजून-उमजून ठरवले असणार.

आम्हाला बोलायचे आहे ते चित्रपटातल्या एका वस्तूबद्दल. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफवरून पकडलेला छोटा निमो सिडनीच्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात येतो आणि तिथल्या काचेच्या टाकीत पडतो. टाकीत आधीपासून काही मंडळी राहत असतात. कथेचा मोठा भाग या टाकीत घडतो आणि ती टाकी म्हणजे तुरुंग, हे चित्रपट गृहीत धरतो. हा चित्रपट शाळेत दाखवला की वर्गाचे दोन तट पडतात. अर्ध्या मुलांना घरी तशी टाकी हवी असते, उरलेल्यांना जगातल्या सगळ्या टाक्या फोडायच्या असतात. शिक्षकाच्या दृष्टीने मधला प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो चित्रपट विचारत नाही : ही टाकी या माशांना पुरेशी आहे का?

प्रथम टाकीतील रहिवाशांची ओळख करून घेऊ. निमो हा क्लाउनफिश; त्याची जात बहुधा ॲम्फिप्रिऑन ओसेलॅरिस, पूर्ण वाढ सुमारे ११ सेंटिमीटर. डेब ही काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची डॅमसेल, सुमारे ८ सेंटिमीटर. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा गर्गल म्हणजे रॉयल ग्रामा, तोही ८ सेंटिमीटरच्या आसपास. पिवळाधमक बबल्स हा यलो टँग, सर्जनफिशच्या कुळातला. शेपटीच्या बुडाशी शस्त्रक्रियेच्या सुरीसारखा काटा असतो म्हणून कुळाला हे नाव. त्याची लांबी २० सेंटिमीटर. टोळीचा म्होरक्या गिल हा मूरिश आयडॉल, पाठीवरून लांब फीत सोडलेला देखणा मासा, २३ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. आणि चिडला की फुगणारा ब्लोट म्हणजे काटेरी केंड. कोकणातल्या वाचकांना केंड मासा माहीत असतो. हा त्याचाच काटेरी चुलतभाऊ. त्याच्या टाकीत ठेवल्या जाणाऱ्या जातीची लांबी ५० सेंटिमीटरपर्यंत जाते, आणि दुसरी एक जात तर त्याहून बरीच मोठी होते. यांखेरीज पीच नावाचा तारामासा आणि जाक नावाचा सफाईदार कोळंबी-बंधू आहे. केंड हा कवचधारी प्राणी दातांनी फोडून खाणारा असल्याने त्याच्या शेजारी जाक किती दिवस टिकला असता, हा प्रश्न आम्ही सोडून देतो.

टाकी हौशी लोकांच्या घरात असते तेव्हा ती किती माशांना पुरेल याचे एक सूत्र फार दिवस सांगितले जाते : एका गॅलनला एक इंच मासा. हे सूत्र मुळात गोड्या पाण्यातल्या छोट्या माशांसाठी होते. समुद्री माशांसाठी जाणकार ते जरा कडक करून वापरतात. पण सूत्राचा सांगाडा तोच राहतो : माशांच्या लांब्यांची बेरीज करा आणि पाण्याने भागा. ते दंतवैद्याच्या टाकीला लावून पाहू. पूर्ण वाढ झालेल्या सहा माशांच्या लांब्या ११, ८, ८, २०, २३ आणि ५०. बेरीज १२० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४७ इंच. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा धरला तर पाणी हवे सुमारे १७९ लिटर. आता ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच अशी टाकी घ्या. दिवाणखान्यात ती चांगलीच मोठी दिसते. तिचे घनफळ १८२ लिटर. सूत्र म्हणते, उत्तीर्ण.

आता वर्गाच्या फरशीवर खडूने ९० बाय ४५ सेंटिमीटरचा आयत काढा. कागदाचा ५० सेंटिमीटर लांबीचा मासा कापून त्यात ठेवा आणि एखाद्या विद्यार्थ्याला तो वळवायला सांगा. मासा टाकीच्या रुंदीपेक्षा लांब आहे. वळताना तो अंग वाकवील हे खरे, पण एकदा वळला की दुसरी काच समोर हजर. ज्या सूत्राने ही टाकी पास केली त्याला हे दिसलेच नाही, कारण त्याने सहा माशांचा एक लांबलचक १२० सेंटिमीटरचा काल्पनिक मासा बनवला आणि त्याच्यासाठी पाणी मोजले.

सूत्रातली दुसरी चूक अधिक शिकवण्याजोगी आहे. लांबी दुप्पट झाली की पृष्ठफळ चौपट आणि घनफळ आठपट होते, हे आपण आठवी-नववीला शिकवतो आणि परीक्षेनंतर विसरतो. अकरा सेंटिमीटरचा क्लाउनफिश आणि ५० सेंटिमीटरचा केंड यांच्या लांबीचे गुणोत्तर सुमारे ४.५. सूत्रानुसार एक केंड म्हणजे साडेचार क्लाउनफिश. पण दोघांचा आकार सारखा मानला तरी वजनाचे गुणोत्तर या संख्येच्या घनाइतके, म्हणजे नव्वदहून अधिक येते; आणि केंड अंगाने गोल असल्याने प्रत्यक्षात ते वाढेल, कमी होणार नाही. मोठा प्राणी वजनाच्या प्रत्येक ग्रॅममागे छोट्यापेक्षा कमी ऑक्सिजन वापरतो, म्हणून ऑक्सिजनची गरज नव्वदपट होत नाही. तरीही ती तीस-चाळीसपट होतेच. म्हणजे हा एक मासा पाण्यावर जो बोजा टाकतो तो निमोसारख्या तीस-चाळीस माशांचा आहे. मातीचे गोळे आणि साधा तराजू एवढ्या साहित्यावर हा घनाचा नियम वर्गात दाखवता येतो : एकाच आकाराचे दोन मासे मळायचे, एकाची लांबी, रुंदी, जाडी तिन्ही दुप्पट ठेवायची, आणि वजन करायचे.

आतापर्यंत आपण टाकीचे लिटर हीच एक संख्या धरून चाललो. पण ‘पुरेशी’ या शब्दाच्या पोटात निदान तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि टाकीची लांबी, रुंदी, खोली यांपैकी कोणते माप महत्त्वाचे, याचे उत्तर प्रत्येक प्रश्नाला वेगळे आहे.

पहिला प्रश्न श्वासाचा. पाण्यात ऑक्सिजन मुख्यतः हवेशी लागलेल्या पृष्ठभागातून विरघळतो. खाऱ्या पाण्याची अडचण अशी की त्यात ऑक्सिजन कमी मावतो : २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात एका लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅम. जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. आता तीच १८२ लिटरची टाकी आडवी न ठेवता उभी ठेवली, म्हणजे ४५ बाय ४५ तळ आणि ९० उंची, तर लिटर तेवढेच राहतात आणि पृष्ठभाग निम्मा होतो. गॅलनचे सूत्र दोन्ही टाक्यांना सारखे गुण देते. दुकानांत शोभेसाठी उंच, नळकांडीसारख्या टाक्या ठेवलेल्या असतात त्यांच्याकडे या नजरेने पाहावे.

दुसरा प्रश्न क्षाराचा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बाष्पीभवनात पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. पातळी २ सेंटिमीटरने उतरली तर ३० सेंटिमीटर खोल टाकीत क्षारता ३५ वरून ३७.५ वर जाते. ४५ सेंटिमीटर खोल टाकीत ती ३६.६ वर थांबते. इथे टाकीची लांबी-रुंदी गणितातून कटून जाते आणि फक्त खोली उरते, हे मुलांना करून पाहायला द्यावे. त्यांना गंमत वाटते. समुद्र या बाबतीत इतका मोठा आहे की प्रवाळावरच्या माशाला असा बदल एरवी सहसा सोसावा लागत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि चित्रपट नेमका त्यावर घसरला आहे. माशाच्या शरीरात प्रथिनांचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि तो मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात जातो. पाण्यात त्याची दोन रूपे असतात : तुलनेने निरुपद्रवी अमोनियम आयन आणि विषारी अमोनिया. कोणते किती, हे पीएचवर अवलंबून असते. पीएच ७ च्या पाण्यात विषारी रूप अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३, तिथे ते सहा ते आठ टक्क्यांवर जाते. म्हणजे तेवढ्याच मलमूत्राने खाऱ्या टाकीतला मासा दसपटीहून अधिक धोक्यात येतो. त्याला वाचवतात ते जिवाणू. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते गाळणीच्या स्पंजावर, खडीवर, दगडांवर थर करून राहतात आणि त्यांना वाहत्या पाण्यातून ऑक्सिजन लागतो.

चित्रपटात काय होते? गिलच्या योजनेनुसार निमो गाळणीच्या नळीत शिरतो आणि खडा अडकवून ती बंद पाडतो. गाळणी बंद पडली की टाकी घाण होईल, दंतवैद्य मासे पिशव्यांत काढून ठेवील आणि त्या पिशव्या खिडकीतून बाहेर लोटता येतील. त्याप्रमाणे टाकी हिरव्या शेवाळाने भरून जाते. काच हिरवी, पाणी हिरवे, सगळ्यांना किळस आलेली. आणि मासे ठणठणीत. हा विनोद उत्तम जमला आहे, पण त्याने मुलांच्या मनात जी समजूत पक्की होते ती घरच्या टाकीतल्या माशांच्या जिवावर उठणारी आहे. एवढे मासे असलेल्या टाकीची गाळणी बंद पडली तर पाणी हिरवे व्हायला काही दिवस लागतील. त्याच्या कितीतरी आधी ऑक्सिजन उतरेल, गाळणीतले जिवाणू गुदमरतील आणि अमोनिया चढेल. त्या वेळी पाणी आरशासारखे स्वच्छ असेल. उलट शेवाळ स्वतः अमोनिया आणि नायट्रेट शोषून घेते, तेव्हा कथेतल्या हिरव्या राक्षसाची बाजू थोडी माशांच्याच मित्राची आहे. ‘पाणी स्वच्छ तर दिसतंय, मग मासे मेले कसे?’ हा प्रश्न शाळेतल्या टाकीच्या बाबतीत ज्यांनी ऐकला आहे त्यांना आमचे म्हणणे पटेल. नवी टाकी भरून त्याच दिवशी मासे सोडले की हेच घडते, कारण जिवाणूंची वस्ती बसायला काही आठवडे लागतात.

इथवर हिशेब पाण्याचा झाला. पाणी पंपाने, गाळणीने, अधूनमधून बदलून राखता येते. तेवढ्या बाबतीत दंतवैद्य कर्तव्यदक्ष गृहस्थ दिसतो. पण जागेचा प्रश्न गाळणीने सुटत नाही, आणि आमचा या चित्रपटाशी खरा वाद इथे आहे.

निमोचेच पाहा. समुद्रातला क्लाउनफिश समुद्रपुष्पाच्या दंशकारी शुंडकांमध्ये राहतो आणि त्यापासून काही मीटरपलीकडे सहसा जात नाही. पलीकडे गेला तर कोणीतरी त्याला खाते. खुल्या समुद्राचा अनुभव त्याला आयुष्यात एकदाच येतो : अंड्यातून बाहेर पडल्यावर दहा-बारा दिवस तो डिंभक म्हणून प्रवाहात तरंगतो आणि मग कुठल्यातरी समुद्रपुष्पात उतरतो. पापुआ न्यू गिनीतील किम्बे बेटाभोवती निमोच्या अगदी जवळच्या जातीवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तिथे नव्याने स्थिरावलेल्या पिलांपैकी सुमारे ६० टक्के त्याच बेटाभोवतीच्या जोडप्यांची असल्याचे दिसले. हा डिंभकावस्थेतला प्रवास सोडला तर क्लाउनफिश पक्का घरकोंबडा आहे. चित्रपटातला मार्लिन समुद्रपुष्पाच्या बाहेर पाऊल टाकायला घाबरतो ते त्याच्या मनावरच्या आघातामुळे, असे कथा सांगते. जीवशास्त्र सांगते की तो फक्त क्लाउनफिशसारखा वागतो आहे. क्लाउनफिश टाकीत समुद्रपुष्पाविनाही राहतो, कोरडे अन्न खातो, अंडी घालतो. १९७० च्या दशकापासून त्याची बंदिस्त पैदास होत आली आहे. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या जाती अंडी-उबवणी केंद्रात वाढवण्याचे तंत्र बसवले, आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही ही पैदास झाली आहे. म्हणजे दंतवैद्याच्या टाकीत जर कोणा एका माशाची सोय बऱ्यापैकी होण्यासारखी असेल तर ती निमोची आहे. आणि चित्रपट अश्रू ढाळतो तो निमोसाठी.

ज्यांच्यासाठी ढाळायला हवेत ते विनोदी पात्रे झाले आहेत. बबल्सला टाकीतल्या खेळण्यातल्या पेटाऱ्यातून निघणाऱ्या बुडबुड्यांचे वेड आहे. पेटारा उघडला की तो ‘माझे, माझे’ करीत धावतो. समुद्रातला यलो टँग दिवसभर प्रवाळभित्तीवर फिरत शेवाळ चरतो, गाय कुरणात चरते तसा. तो चाळीस वर्षांपर्यंत जगू शकतो. अशा चरणाऱ्या माशाला ९० सेंटिमीटरच्या पेटीत ठेवले तर ती गाय संडासाच्या खोलीत बांधण्यासारखी गोष्ट आहे. तो एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा तीच हालचाल करू लागला तर नवल नाही. डेबला काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसते आणि ती त्याला आपली बहीण समजते. डॅमसेल मासे आपल्या हद्दीबाबत फार चिडखोर असतात. खरी डेब त्या बहिणीशी दिवसभर भांडत बसली असती. बंदिवासातले प्राणी असे एकसुरी, निरर्थक वागू लागतात हे प्राणिसंग्रहालयांत पुष्कळ नोंदले गेले आहे. लेखकांनी ते बारकाईने टिपले आणि त्याचा विनोद केला. विनोद करण्याला आमची हरकत नाही. पण टाकी लहान असल्याचा खरा पुरावा चित्रपटात हाच आहे, आणि तो हसण्यात वाहून जातो.

गिलची गोष्ट याहून वेगळी आहे. मूरिश आयडॉलला टाकी कितीही मोठी द्या, तो बहुधा जगत नाही. त्याच्या समुद्रातल्या आहारात स्पंजवर्गीय प्राण्यांचा मोठा वाटा असतो. टाकीत दिलेल्या अन्नाला तो पुष्कळदा तोंडच लावत नाही आणि कणाकणाने खंगत मरतो. अनुभवी मंडळी म्हणूनच हा मासा घरी आणू नका असे सांगतात. म्हणजे ‘टाकी पुरेशी आहे का’ या प्रश्नाला सहा माशांची निदान तीन उत्तरे निघाली : निमो, गर्गल, डेब यांना पाणी नीट राखले तर होय, बबल्सला आणि ब्लोटला नाही, त्यांना याच्या कितीतरी पट लांबी हवी, आणि गिलच्या बाबतीत प्रश्नच चुकीचा. चित्रपट सर्वांना मिळून एकच उत्तर देतो.

आणखी एक प्रसंग आहे, चटकन निघून जाणारा. निमो समुद्रातून आला आहे हे कळल्यावर टाकीतले रहिवासी थक्क होतात. ते स्वतः कोण कुठल्या दुकानातून, कोण टपालाने मागवलेला, असे सांगतात. गिल तेवढा समुद्रातला. हा विनोद शहरी मुलांवरचा आहे हे कळते. पण २००३ साली दुकानातला यलो टँग आला कुठून? या माशाची बंदिस्त पैदास प्रथम साधली ती २०१५ मध्ये, हवाईतील ओशॅनिक इन्स्टिट्यूटमध्ये. त्याआधी दुकानातला प्रत्येक यलो टँग समुद्रातून पकडलेला होता, आणि बहुतेक हवाईतून. दुकान हे माशाचे जन्मगाव नसून वाटेतले स्थानक होते. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून प्रवाळात सोडियम सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची पद्धत रुजली. त्यात मासे मरतात आणि प्रवाळही. निमोला जाळीत पकडणारा दंतवैद्य कथेत खलनायक ठरतो, आणि दुकानामागचा हा सगळा व्यवहार पडद्यावर येतच नाही.

या चित्रपटामुळे क्लाउनफिशची मागणी भडकली आणि समुद्र ओस पडला, अशा बातम्या वर्षानुवर्षे छापून आल्या. इथे चित्रपटाच्या बाजूने बोलले पाहिजे. २०१६ साली पुढचा भाग ‘फाइंडिंग डोरी’ आला तेव्हा निळ्या टँगबाबत हीच भीती व्यक्त झाली. हा मासा ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे बबल्सची अडचण इथे दीडपट. पुढे संशोधकांनी आयातीच्या नोंदी तपासल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात लोकांनी या माशाची माहिती जास्त शोधल्याचे दिसले, पण अमेरिकेतली आयात वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. त्याच २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात या माशाची पिले प्रथमच टाकीत वाढवण्यात यश आले. तेव्हा मुलांनी चित्रपट पाहिला की समुद्र रिकामा होतो, असे म्हणणे पुराव्याला सोडून होईल. ‘निमो’ वर्गात दाखवायला आमची हरकत नाही. उलट, खडूचा आयत आधी फरशीवर काढून मग दाखवावा, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक पात्र प्रथम पडद्यावर आले की चित्रपट थांबवून त्याच्या पूर्ण वाढीचा कागदी मासा आयतात ठेवायचा. चौथ्या-पाचव्या माशाला मुले आपण होऊन बोलू लागतील.

शेवटाबद्दल मात्र आम्ही मुलांशी मोकळेपणाने भांडू. टोळी पिशव्यांतून रस्ता ओलांडून सिडनीच्या बंदरात पडते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण गर्गलचा रॉयल ग्रामा कॅरिबियन समुद्रातला, अटलांटिकच्या बाजूचा. यलो टँग मुख्यतः हवाईभोवतीचा. उष्ण कटिबंधातल्या या माशांना सिडनीच्या हिवाळ्यातले पाणी गार पडते. प्रवाहाबरोबर तिकडे वाहत गेलेली प्रवाळावरच्या माशांची पिले थंडीत बहुधा मरतात. आणि समजा पाणी मानवले, तर ते अधिक वाईट. हिंद आणि प्रशांत महासागरांतला लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रथम नोंदला गेला, बहुधा कोणीतरी टाकीतून सोडलेला. आज तो अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून कॅरिबियनभर पसरला आहे आणि तिथल्या प्रवाळांवरचे छोटे मासे फस्त करतो आहे. त्या छोट्या माशांत गर्गलचे भाऊबंदही आले. टाकी लहान पडली म्हणून मासा जवळच्या समुद्रात, खाडीत किंवा तळ्यात सोडून देणे हा उपाय नव्हे. दुकानदाराला परत करणे किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला देणे एवढेच मार्ग आहेत. हे मुलांना चित्रपट संपल्यासंपल्याच सांगावे, कारण त्यांचे हात तेव्हाच शिवशिवत असतात.

गंमत अशी की बंदरात पडल्यावर टोळीला उमगते, आपण अजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांतच आहोत. आता पुढे काय? ‘फाइंडिंग डोरी’ची श्रेयनामावली संपल्यावर, म्हणजे तेरा वर्षांनी, हीच मंडळी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याशी तरंगत येताना दिसतात. पिशव्या तशाच आहेत, फक्त हिरव्या झाल्या आहेत. मासे दूरवर पाठवताना व्यापारी पिशवीत थोडे पाणी आणि वर शुद्ध ऑक्सिजन भरतात, तेव्हा मासा त्यात एक-दोन दिवस काढतो. पिशवीतल्या शेवाळाने दिवसा थोडा ऑक्सिजन दिला असता, थोडा अमोनियाही शोषला असता. रात्री मात्र त्याने स्वतःच ऑक्सिजन वापरायला सुरुवात केली असती. ब्लोटच्या पिशवीचा हिशेब मुलांना गृहपाठाला द्यायला हरकत नाही : पाणी दोन लिटर, लिटरला ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन, आणि मासा अर्ध्या मीटरचा.